विरंगुळ्याचं पाडकाम

नगरसेवकपदाची मुदत संपून वर्षं लोटली, तरी पद्मजा घारेच्या कर्वेनगरातल्या संपर्क कार्यालयातली गर्दी काही कमी झाली नव्हती. महापालिकेच्या निवडणुका या ना त्या कारणाने लांबत होत्या, कारभार प्रशासकाच्या हातात होता, आणि लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ड्रेनेज तुंबलं, नळाला गढूळ पाणी आलं, दवाखान्यात कुणी दाद देईना, की माणसं सवयीने तिच्याच दारात यायची. नावाआधी 'माजी' लागलं होतं ते फक्त फ्लेक्सवर.

राजकारणात ती आली तीही अशीच, न ठरवता. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाला अभय घारेची बायको आठवली. अभयचं हार्डवेअरचं दुकान, ओळखी चिक्कार. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की पाटी बायकोची आणि कारभार नवऱ्याचा. अभय पहिला महिनाभर कार्यालयात बसलाही. पण येणारी माणसं त्याला नमस्कार करून सरळ पद्मजाच्या टेबलापाशी जातात हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो सुटकेचा श्वास टाकून आपल्या दुकानात परत गेला.

तिने पाच वर्षांत बरीच कामं केली. पण तिच्या मनात खरं घर केलं होतं ते 'विरंगुळा'ने. बसस्टॉपकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर, फुटपाथ चांगला रुंद होता तिथे, तिने म्हाताऱ्या माणसांसाठी कट्टा बांधून घेतला होता. चार लोखंडी खांब, वर पत्रा, तीन बाजूंनी सिमेंटचे बाक, वर्तमानपत्रं लावायला एक फळा. सकाळी आणि संध्याकाळी तिथे पंधरावीस आजोबा जमायचे. पेन्शनीतले कारकून, शिक्षक, एक-दोन दुकानदार. पक्षाघातातून उठलेले एक गृहस्थ घराबाहेर पडले ते फक्त कट्ट्यावर जायचं म्हणून, असं त्यांची सून पद्मजाला रस्त्यात थांबवून सांगायची.

कट्ट्याचे अनभिषिक्त अध्यक्ष म्हणजे दीनानाथ सर. वय ऐंशीच्या पुढे. पद्मजाला त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि अजूनही ते तिच्याशी वर्गात असल्यासारखंच बोलायचे. उद्घाटनाच्या दिवशी तिचं भाषण संपल्यावर ते म्हणाले होते, "छान झालं. वेळेत संपलं हे विशेष." बायको गेलेली, मुलगा कॅनडात. कट्टा नसता तर सर दिवसचे दिवस कुणाशी बोललेच नसते, हे पद्मजाला माहीत होतं.

पुढे तो सगळा फुटपाथ नवा झाला, तोही तिच्याच पाठपुराव्याने. गल्लीच्या टोकाला अंध मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मुलींसाठी मधोमध त्या पिवळ्या, रेघा उठवलेल्या फरशा बसवायच्याच, असा तिने हट्ट धरला होता. काठीला आणि पायाला त्या रेघा लागल्या की दिशा कळते. काम पूर्ण झाल्यावर तिने वसतिगृहाच्या दारात उभं राहून फोटो काढून घेतला. पिवळी रेघ सरळ लांबवर जाताना दिसत होती. ती कुठे जाते हे बघायला त्या दिवशी कुणी चालत गेलं नाही.

मग एका दुपारी वसतिगृहाच्या सरोजिनीबाईंचा फोन आला. निवडणुका आता खरंच लागणार अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि पद्मजाचा फोन सारखा वाजत होता.

"ताई, आमच्या एका मुलीला गाडीनं धडक दिली. सलोनी ढोक. जिवावरचं हातावर निभावलं. येऊन जाल का?"

पद्मजा लगेच निघाली. दवाखान्यात सलोनी पलंगावर टेकून बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, किडकिडीत, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीहून ती पुण्याला शिकायला आली होती, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होती.

"कोण आलं?" तिने विचारलं.

"मी पद्मजा घारे. इथली माजी नगरसेविका."

"हो का! तुमचं नाव माहीत आहे मला, मॅडम. कट्ट्याच्या दगडावर आहे ना. माझी काठी रोज लागते त्याला. एकदा बोटानं पूर्ण वाचला मी तो. बाराव्या वर्षापर्यंत दिसत होतं मला, अक्षरं येतात."

पद्मजा स्टूल ओढून पलंगाशी बसली. "कसं झालं गं?" एवढंच तिने विचारलं.

"रोजच्यासारखंच. पिवळी लाइन कट्ट्यापाशी संपते. मग आम्ही खाली रस्त्यावर उतरतो, कट्टा संपला की पुन्हा वर चढतो. तिथून लाइन पुन्हा सुरू होते. त्या दिवशी एक जण उलट्या बाजूनं गाडी घेऊन येऊन राहिला होता. मला आवाज आला, पण तिकडून येईल असं वाटलं नाही ना." तिने प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून पाहिली. "डावा हात गेला याचं जास्त वाईट वाटते. ब्रेल मी डाव्यानं वाचते."

दवाखान्यातून पद्मजा घरी गेली नाही. ती कट्ट्यावर गेली, आणि या वेळी बसस्टॉपच्या बाजूने चालत आली. पिवळी रेघ पायाखाली सरळ होती. ती सरळ कट्ट्याच्या खांबात जाऊन घुसली होती, आणि बाजूने जायला कट्ट्याने वीतभरही जागा ठेवली नव्हती. ठेकेदाराने फरशी खांबाच्या मापाने नीट गोल कापूनही बसवली होती. सफाईदार काम होतं.

"काय बघतेस?" दीनानाथ सरांनी वर्तमानपत्राच्या वरून विचारलं. "भेगा पडल्यात का? पडल्या असतील. तुमच्याच काळातलं बांधकाम आहे."

"काही नाही सर," ती म्हणाली आणि निघून आली.

पहिल्यांदा तिने केलं ते कुणीही केलं असतं. पक्षाच्या कामात तिला मदत करणारी नम्रता होती. तिला आणि आणखी चार बायकांना तिने पाळ्या लावून दिल्या. मुली कॉलेजला निघाल्या की त्यांना हाताला धरून कट्टा ओलांडून द्यायचा, परतताना पुन्हा. बायकांनी ते हौसेने केलं. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकले, खाली भरपूर हात जोडलेले इमोजी आले. पद्मजालाही वाटलं, चला, मार्ग निघाला.

थोड्याच दिवसांत सलोनी एकटीच तिच्या कार्यालयात आली. उजव्या हातात काठी, डावा गळ्यात बांधलेला. पद्मजा उठून पुढे जाऊ लागली तशी ती म्हणाली, "खुर्ची कुठे आहे तेवढं सांगा, मी बसते."

ती बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाया फार चांगल्या आहेत. पण आज नम्रताताईंच्या घरी पाहुणे आले, त्यांना उशीर झाला. माझं लेक्चर गेलं. काल मला लायब्ररीत थांबायचं होतं, पण ताई वाट पाहत असतील म्हणून निघून आले. हात धरून चालताना त्या विचारतात, लग्नाचं काय, घरचे काय म्हणतात. मी सांगते. काय करणार, हात त्यांच्या हातात असतो."

"मी पाळ्या नीट लावून देते. पुन्हा असं होणार नाही."

"नाही ना, मॅडम. तसं नाही. मी आर्वीहून इथे आली ती कशासाठी? तिथे आई होती हात धरायला. मला सोबत नको आहे. फुटपाथ पाहिजे."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. दुकानात जाऊन साखर नको, गूळ द्या म्हणावं, इतक्या साधेपणाने ती बोलली. पद्मजा म्हणाली, "बघते मी." आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की हे दोन शब्द ती दिवसातून कितीदा वापरते.

पक्षाचं शहरातलं काम बघणारे बापूराव मंडईजवळ राहायचे. तिकिटाचं बरंचसं त्यांच्याच हातात होतं. पद्मजाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पद्मजाताई, एक विचारू? त्या पोरींची मतं कुठं आहेत?"

"असतील आपापल्या गावी. वर्धा, यवतमाळ, वाशीम."

"आणि कट्ट्यावरच्यांची?"

"इथेच. सगळी."

"एकेका म्हाताऱ्यामागं घर आहे, ताई. घरामागं सोसायटी आहे. हे लोक दिवसभर बोलायलाच बसलेले असतात. आज पाडलंत तर मतदानापर्यंत हेच बोलतील. मी पाडू नका म्हणतच नाही. निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी पाडा. मी येतो नारळ फोडायला."

"आणि तोवर आणखी कुणाला गाडीनं उडवलं तर?"

"तर आपण दवाखान्यात जाऊच की," बापूराव म्हणाले. ते वाईट मनाने म्हणाले नव्हते, हे पद्मजाला कळत होतं. ते खरंच गेले असते. रात्री-अपरात्री, फळं घेऊन, डॉक्टरांशी बोलून बिल कमी करून. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, आणि तिनेही.

जेवताना तिने अभयला सांगितलं. त्याने हातातला पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"पाडायचा म्हणतेस. पण तो तुझा आहे का?" तो म्हणाला. "तू बांधलास, बरोबर. दिलास तेव्हा त्यांचा झाला. आता विचारायला नको?"

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मग तुला ठरवावं लागेल, तू विचारायला गेली होतीस की सांगायला."

त्या वाक्याने तिला झोप लागेना. सरांचं एकट्याचं घर तिला आठवत होतं. लगेच प्लास्टरमधून बाहेर आलेली ती बोटंही. कोण जास्त गरजू, असं मापून काही ठरत नव्हतं. पहाटे केव्हातरी तिच्या मनात आलं की हा प्रश्नच चुकीचा आहे. म्हाताऱ्यांना बसायला दुसरी जागा शोधता येईल, थोडी कमी चांगली का होईना. मुलींना चालायला तो एकच फुटपाथ आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली. सगळ्यांसाठी चहा मागवला. मग उभी राहून तिने सलोनीची हकीकत सांगितली, पिवळ्या रेघेबद्दल सांगितलं, आणि तिच्या संपर्क कार्यालयाची पुढची खोली कट्ट्याला द्यायची तयारी असल्याचंही सांगितलं. पंखा होता, टीव्ही बसवता आला असता, पावसाची भीती नव्हती.

"म्हणजे आता आम्ही अतिक्रमण," एक जण म्हणाले.

"एवढी वर्षं आधारस्तंभ होतो," दुसऱ्यांनी भर घातली. "भाषणात तसंच म्हणाली होती."

"खोलीत टीव्ही बघायला आम्हाला घरं आहेत, पद्मजा," दीनानाथ सर म्हणाले. "तिथे सुनाही आहेत. ज्यांना आहेत त्यांना."

"सर, पण तिथे सोयी जास्त—"

"सोय कुणी मागितली? मी इथे बसतो तेव्हा रस्ता दिसतो. भाजी घेऊन जाणाऱ्या बायका दिसतात, बस चुकलेला माणूस धावताना दिसतो. जाता-येता चार जण विचारतात, काय सर, बरं आहे ना. तुझ्या खोलीत कोण विचारायला येणार? ड्रेनेजवाले?"

दोघं-तिघं हसले. पद्मजाही हसली असती, पण तिला आत काहीतरी लागलं होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं की आपण यांना छप्पर दिलं आणि बाक दिले. त्यांनी घेतला होता तो रस्ता.

सरांनी कप खाली ठेवला. "आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं, तर?"

ती क्षणभर घुटमळली. अभयचं वाक्य तिला आठवलं.

"तरी मी अर्ज देणार आहे, सर. कट्टा काढायचा का, हे विचारायला मी आले नाही. ते सांगायला आले. विचारायचं आहे ते पुढे काय करायचं, ते."

"मग आधीच तसं म्हणायचं," सर म्हणाले. "उगाच चहा पाजलास."

ते उठले आणि काठी टेकत घरी गेले. बाकीचेही एकेक करून उठले. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

क्षेत्रीय कार्यालयातल्या इंजिनियरने अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, हे बांधकाम तुमच्याच निधीतलं ना?"

"हो."

"आणि तुम्हीच पाडायला सांगताय."

"हो."

"नाही, काय आहे," तो मान खाजवत म्हणाला, "माझ्या नोकरीत लोक पाडू नका म्हणून येतात. त्याचं उत्तर मला पाठ आहे. याचं काय करायचं ते मला साहेबांना विचारावं लागेल."

साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. पद्मजा दर दोन-तीन दिवसांनी जाऊन बसायची. पद नसल्यामुळे तिला बाकावर थांबावं लागायचं, आणि त्या बाकावर तिला तिच्याच वॉर्डातली माणसं भेटायची, जी पूर्वी तिच्याकडे यायची आणि आता थेट इथेच आली होती. काहींनी कट्ट्याचं ऐकलं होतं. एक बाई म्हणाली, "ताई, चांगलं करताय." एक गृहस्थ म्हणाले, "म्हाताऱ्यांना रस्त्यावर आणताय, छान." दोघांनाही तिने मान डोलावली. शेवटी मंजुरी आली, आणि फुटपाथलगतच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून दोन अरुंद बाक बसवायलाही परवानगी मिळाली. छपराला मात्र नाही. छप्पर आलं की खांब आले.

पाडकामाच्या सकाळी सर सगळ्यांच्या आधी हजर होते. त्यांनी वर्तमानपत्रांच्या फळ्याचे स्क्रू घरून आणलेल्या पेचकसाने स्वतः काढले. पद्मजा मदतीला गेली, तर त्यांनी तिच्याकडे न बघता फळा काखेत मारला आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले. कामगारांनी पत्रे उतरवले. कोनशिला निघेना, तिला घण घालावा लागला. आपलं नाव फुटताना बघायला पद्मजाला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. बाक फुटताना मात्र तिने तोंड वळवलं.

आवाज ऐकून वसतिगृहाच्या बाजूने सलोनी आली. हाताचं प्लास्टर निघालं होतं. कुणीतरी सरांना हळूच सांगितलं, हीच ती.

सर दोन पावलं पुढे आले. "तूच का ती मुलगी?"

"हो. तुम्ही दीनानाथ सर ना? खोकल्यावरून ओळखलं. मी इथून जाते तेव्हा तुम्ही रोज वर्तमानपत्राला शिव्या देता."

"हात कसा आहे?"

"बरा आहे. थोडा आखडते." तिने मनगट फिरवून पाहिलं. "सर, तुमची जागा गेली. सॉरी."

"सॉरी कशाला? तू काय केलंस? चालत होतीस." सरांचा आवाज जरा चढला होता. मग तो उतरला. "पण मला वाईट वाटतंय. तेवढं वाटू दे."

"हो," सलोनी म्हणाली. "वाटणारच ना."

दोघं तिथेच उभे राहिले. पलीकडे घणाचे घाव पडत होते.

मधल्या तुकड्यात नव्या फरशा बसल्या, तरी गोष्ट लगेच संपली नाही. पहिल्याच दिवशी सलोनी वसतिगृहाकडून छान चालत आली आणि जुना कट्टा होता तिथे मध्येच थबकली.

"काय झालं?" पद्मजाने विचारलं.

"इथे थांबा म्हणते."

"कोण म्हणतं?"

"फरशी म्हणते. या ठिपक्यांच्या आहेत. ठिपके म्हणजे थांबायचं, रेघा म्हणजे चालायचं. तुमच्या ठेकेदारानं इथे पूर्ण ठिपकेच ठिपके लावून टाकले."

पद्मजाला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सलोनीही हसत सुटली. ठेकेदाराकडे ठिपक्यांच्या फरशा उरल्या होत्या, म्हणून त्याने त्या खपवल्या होत्या. त्याला पुन्हा बोलावून, दोनदा भांडून, एकदा हात जोडून त्या बदलून घ्याव्या लागल्या.

नव्या बाकांवर पहिल्या आठवड्यात कुणी बसलं नाही. मग दोघं येऊ लागले, मग चौघं. सर उशिरा आले, फळा घेऊन. भिंतीला तो त्यांनी स्वतःच ठोकून घेतला. पण पूर्वीची गर्दी पुन्हा जमली नाही. तिथे एकाच ओळीत बसावं लागायचं, समोरासमोर वाद घालता यायचा नाही. दुपारी ऊन तोंडावर यायचं. पक्षाघातातून उठलेले ते गृहस्थ यायचे बंदच झाले. पद्मजा त्यांच्या घरी गेली, तर सुनेने अर्धंच दार उघडलं. "झोपलेत ते," ती म्हणाली. "हल्ली झोपूनच असतात." पद्मजा जिना उतरून खाली आली आणि बराच वेळ गाडीवर नुसती बसून राहिली. हे आपल्यामुळे झालं का वयामुळे, हे कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचत होतं.

निवडणूक लागली. तिकीट मिळालं. बापूराव कट्ट्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, प्रचाराला दोनदा आले. पद्मजा घरोघर फिरली. काही दारांत तिचं औक्षण झालं, काही दारांत 'बघू' म्हणून बोळवण झाली. तो शब्द आपल्याकडे परत येताना कसा लागतो, हे तिला तेव्हा कळलं. वसतिगृहातल्या मुलींनी तिच्यासाठी काही करता आलं तर सांगा म्हणून निरोप पाठवला. मत नव्हतं, पण सलोनीने कॉलेजातल्या पुण्याच्या मुलींना गाठून बरीच बडबड केली म्हणे.

ती हरली. फार मोठ्या फरकाने नाही. पण ज्या सोसायट्यांतून तिला नेहमी हमखास मतं मिळायची, तिथेच ती मागे पडली. निकालाच्या दिवशी बापूरावांचा फोन आला. "ताई, मी काही म्हणत नाही," ते म्हणाले, आणि खरंच काही म्हणाले नाहीत. ते तिला बोलण्यापेक्षा जड गेलं.

दोन-तीन दिवस तिने कार्यालय उघडलंच नाही. अभय दुकानातून लवकर घरी यायचा, काही न विचारता भाजी चिरत बसायचा. मग एका सकाळी तिने जाऊन शटर वर केलं. आता निवडून आलेले दुसरे होते, लोक त्यांच्याकडे जाणार, हे उघड होतं. पंखा लावून ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने दारात काठी वाजली. तिला वाटलं सलोनी आली. दीनानाथ सर होते. घाम पुसत ते खुर्चीवर बसले.

"मी तुला मत दिलं नाही," ते म्हणाले.

"मला अंदाज होता, सर."

"अंदाज नको. नक्की माहीत असावं म्हणून सांगायला आलो."

पद्मजाने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. विचारावं की नको असं होऊन तिने शेवटी विचारलंच. "मी केलं ते चुकीचं होतं का, सर?"

"नाही. बरोबरच होतं. मी आता रोज बघतो ना त्या मुलींना जाताना. न थांबता जातात. परवा एक तर धावली बस पकडायला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पण म्हणून मत द्यायचं, असं कुठे लिहिलंय? मला राग आला होता. माझ्या वयाला रागही पुरवून वापरावा लागतो, पण आला होता. तो मी मतपेटीत टाकला. संपला."

पद्मजाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू. अनेक दिवसांनी तिला मोकळं वाटलं. इतक्या लोकांनी तिचं सांत्वन केलं होतं, पण खरं काय ते सांगायला फक्त हे आले होते.

"आता कामाचं बोल," सर म्हणाले. "बाकावर दुपारी बसवत नाही. तू पडलीस म्हणून ऊन काही कमी झालेलं नाही."

"सर, आता नवीन नगरसेवक—"

"त्यांना मी शिकवलेलं नाही. त्यांच्याकडे मी जाणार नाही."

तिने चप्पल घातली. दोघं हळूहळू कोपऱ्यापर्यंत चालत गेले. बाकांवर तिघं बसले होते. पद्मजाला बघून त्यांतल्या एकाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, दुसऱ्याने सरकून जागा केली. ती बसली नाही. भिंत, बाक, पिवळी रेघ, सगळं तिने नजरेने मापलं.

"छप्पर मिळणार नाही, सर."

"छप्पर कोण मागतंय? झाड लाव."

"सावली पडेपर्यंत वर्षं जातील."

"मला कुठे घाई आहे?" ऐंशी उलटलेले सर म्हणाले.

भिंत आणि पिवळी रेघ यांच्यामध्ये आळं बसेल का, मुळं फरशा उचलणार नाहीत असं कुठलं झाड घ्यावं, हे तिला उद्यान विभागात कुणाला तरी विचारावं लागणार होतं. तिथला एक माणूस तिच्या ओळखीचा होता. पुन्हा बाकावर बसून थांबावं लागेल, पण हरकत नव्हती. ती खाली वाकली आणि वितीने जागा मोजू लागली.

"सर," ती म्हणाली, "जरा पाय मागे घ्या."